कोड नसलेली भाजी

केळी म्हणजे चार शून्य एक एक.
कोथिंबीर चार आठ आठ नऊ.
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
तीन वर्षं झाली, दोन्या आम्पारोच्या गल्ल्यावर बसते.
बसते म्हणायचं आपलं,
खुर्ची तिनं अजून दिलेली नाही.

शाळा सुटायच्या आधीचं दुकान मला आवडतं.
मागे निकानोर हाडं कापत असतो,
करवत थांबली की समजायचं, गप्पा रंगल्या.
टॉर्टिया कोमट, पिशवीला आतून घाम.
सोकोरो निवडुंगाची पानं सोलते,
काटा बोटात गेला की एक शिवी,
दुपारपर्यंत अठरा-वीस होतात.
छताला कागदी गाढवं टांगलेली,
एकाचा कान डिसेंबरपासून लोंबतोय.
दारावर चिठ्ठ्या: खोली भाड्यानं, दारू पिणारे नकोत.
पोपट हरवला, नाव सांगितलं तर येतो.

ती आली तेव्हा रांगेत चौघं होते.
कमरेला विणलेलं लुगडं, पाठीला बांधलेलं बाळ.
एरवी तिची आठ वर्षांची पोर सोबत असते,
तीच तिची जीभ.
आज पोर शाळेत.
तिनं एक शब्द उच्चारला,
घशात अडकून मग सुटलेला,
बाटलीचं बूच निघावं तसा.
मी म्हटलं, स्पॅनिशमध्ये सांगा.
तिनं तोच शब्द पुन्हा म्हटला, सावकाश,
बहिऱ्याला सांगतात तसा.

मी पण कधीकाळी कोणाची तरी जीभ होते.
दवाखान्यात, बँकेत, आईच्या पुढे उभी,
नऊ वर्षांची, ‘गर्भाशय’ला इंग्रजीत काय म्हणतात
ते न कळून गप्प.
पण हे मला रात्री आठवलं.
तेव्हा फक्त रांग दिसत होती.

मग रांगच कामाला लागली.
कोथिंबीर? नाही.
एपासोते? हुंगून, नाही.
पालक म्हटल्यावर तर ती हसली.
निकानोरनं फ्रीजरमधून चिपिलीनचं पाकीट आणलं,
तिनं प्लॅस्टिकवरूनच नाकाला लावलं,
बर्फाशिवाय कसलाच वास नव्हता.
फोन कार्ड घ्यायला आलेल्या माणसानं
फोनवर पन्नास पानं दाखवली.
तिनं काळ्या घेवड्याकडे बोट केलं,
मग करंगळीचं टोक धरलं: एवढं. गोल.
कोणालाच उलगडेना.
शेवटी तिनं लिंबं घेतली, मीठ घेतलं
आणि मागच्या दारानं गेली, बस तिकडून जवळ पडते.

पाच मिनिटांत परत.
कवेत हिरवा भारा, मुळांना ओली माती,
पानांच्या आड काळी बारकी फळं.
कुंपणाजवळचं तण!
जिथे मी रोज फरशीचं पाणी ओतते.
तिनं ते काट्यावर ठेवलं.
दीड पौंड.
यंत्र कोड मागत होतं.

दोन्या आम्पारो चष्मा चढवत आली.
हे विषारी असतं, म्हणाली.
ती बाई मान हलवत राहिली,
हातांनीच चूल पेटवली, पातेलं ठेवलं, ढवळलं,
बोट चाटलं.
दोन्या आम्पारोनं तिच्याकडे पाहिलं,
भाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं
(आता हिच्यामुळे उशीर, असं).
‘लिंबाचे घे. मिठाचे घे.
माझ्या कचऱ्याला मी भाव लावत नाही.’

आता फरशीचं पाणी मी नालीत ओतते.
तिचं नाव पास्कुआला, पोरीनं सांगितलं.
शुक्रवारी येते, मला तो शब्द म्हणायला लावते,
मी चुकते, पाठीवरचं बाळ खिदळतं.
एकदा तिनं बरणीभर रस्सा आणला.
कडू होता. खरं सांगते, आवडला नाही.
सगळा संपवला.
बरणी धुतली, पण रिकामी कशी परत द्यायची?
चार लिंबं टाकली आत,
माझ्याच पैशांनी.
चार शून्य चार आठ.